‘अशक्य’ म्हणताय? मग वाक्य पूर्ण करा!



मागच्या महिन्यातली एक संध्याकाळ. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरीची वाट बघत आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर कंपासपेटी उघडून बसली होती. आईचं वय ४८, आणि समोर दहावीचं गणिताचं पुस्तक! एका कोनाचे दोन समान भाग करायचे होते. तिने कंपासने कंस काढले, पट्टीने रेघ ओढली, कोनमापक लावून बघितलं. अगदी बरोबर आलं. खूश होऊन तिने मला विचारलं, “दोन भाग होतात, मग तीन कसे करायचे गं?”

मी बी.ए. इंग्लिश. दहावीनंतर गणिताचं आणि माझं तोंडही बघणं बंद झालेलं. फोनवर शोधलं आणि तिला उत्तर वाचून दाखवलं, “अशक्य आहे, असं लिहिलंय.”

आई गप्प बसणारी नाही. म्हणाली, “अशक्य म्हणजे? अजून कुणाला जमलेलं नाही, की कधी जमणारच नाही?”

कुकरची तिसरी शिट्टी झाली, आई उठली, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही गेला नाही. आपण दिवसातून किती वेळा ‘अशक्य’ म्हणतो! ट्रॅफिकबद्दल, वजन कमी करण्याबद्दल, नवऱ्याच्या किंवा सासूच्या स्वभावाबद्दल, स्वतःबद्दल. पण तेव्हा आपल्याला नेमकं काय म्हणायचं असतं? आज त्याबद्दलच थोडं बोलूया.

कोनाची गोष्ट

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. कोनाचे तीन समान भाग करण्याचं कोडं प्राचीन ग्रीक लोकांपासूनचं आहे. दोन हजारांहून जास्त वर्षं मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोकं चालवलं. शेवटी १८३७ मध्ये पिएर वांत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं, की हे होणार नाही. म्हणजे ‘आम्ही खूप प्रयत्न केले, पण जमलं नाही’ असं नाही, तर ‘कुणालाच, कधीच जमणार नाही’, आणि त्याचं कारणही दिलं.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. वांत्सेलने सिद्ध केलेलं पूर्ण वाक्य असं आहे : फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करता येतील, अशी एक रीत असणं अशक्य आहे. ९० अंशांसारख्या काही कोनांचे तीन भाग होतात. आणि पट्टीवर दोन खुणा करायची परवानगी दिली, तर कोणत्याही कोनाचे होतात! ती रीत आर्किमिडीजच्या नावाने ओळखली जाते आणि वांत्सेलच्या कितीतरी शतकं आधीची आहे.

म्हणजे अडचण कोनात नव्हती, अटींमध्ये होती. ‘या साधनांनी’ अशक्य, ‘त्या साधनांनी’ शक्य.

मला वाटतं, आपली चूक इथेच होते. वाक्य लांबलचक असतं, आणि आपण त्याचे शेवटचे दोनच शब्द बोलतो : “अशक्य आहे.” कशाने अशक्य? कुणाला अशक्य? कधीपर्यंत अशक्य? हे सगळं आपण गिळून टाकतो. आणि मग ते दोन शब्द कुलूप लावल्यासारखे दारावर लटकत राहतात.

असं एक कुलूप मीही लावलं होतं

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही बडोद्याला राहतो. आई सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढली. नववीत तिची शाळा सुटली, पुढे लग्न होऊन ती इकडे आली. एक दिवस पोळ्या लाटता लाटता तिने मला सहज विचारलं, “आता मला दहावी करता येईल का गं?”

मी लॅपटॉपवर काम करत होते. मान वरही न करता म्हणाले, “आई, आता या वयात? अशक्य आहे गं ते.”

ती काही बोलली नाही. पोळी उलटली, एवढंच.

आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, की मी त्या एका शब्दात किती गोष्टी कोंबल्या होत्या. एक, आईचं शिक्षण मराठीत, आणि इथे गुजरातेत मराठीतून परीक्षा कुठून होणार? दोन, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसोबत ती वर्गात कशी बसेल? तीन, सगळे विषय एकदम कसे झेपतील? चार, तिला गणित जमेल का? यातली एकही गोष्ट मी तपासली नव्हती. एकही!

तपासली ती आईनेच. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडून तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेबद्दल, म्हणजे एनआयओएसबद्दल कळलं. तिथे वयाला वरची मर्यादा नाही. रोज शाळेत जावं लागत नाही. दहावीसाठी पाच विषय, त्यात एक तरी भाषा हवी. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत एकेक करत सोडवता येतात. मराठी माध्यम आहे. आणि गणित घ्यायलाच हवं असंही नाही.

माझ्या चारही अडचणी एका फॉर्ममध्ये विरघळल्या.

आणि आईने काय करावं? गणित मुद्दाम घेतलं. म्हणाली, “शाळा सुटली तेव्हा माझे सगळ्यात जास्त मार्क गणितातच होते. ते का सोडू?” मला हे माहीतच नव्हतं.

मग माझ्या ‘अशक्य’चं पूर्ण वाक्य काय होतं? खरं सांगू? ते असं होतं : “आई, तुझ्यासाठी माहिती काढायला मला वेळ नाही, आणि तू अभ्यासाला बसलीस तर संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, याचा विचार मला करायचा नाही.” हे असं तोंडावर म्हणायची मला लाज वाटली असती. ‘अशक्य’ म्हणताना अजिबात वाटली नाही. हा शब्द इतका सोयीचा आहे, की त्यामागे आपला आळस, भीती, स्वार्थ सगळं लपतं, आणि दोष परिस्थितीवर जातो.

आणि एक उलटं कुलूप

पण वाचकहो, ‘काहीच अशक्य नसतं, प्रयत्नांती परमेश्वर’ असं सांगून मी इथे थांबणार नाही. कारण आईची शाळा का सुटली, ते अजून सांगायचं राहिलंय.

माझा मामा आईपेक्षा सहा वर्षांनी लहान. दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला. ताप उतरला, पण उजवा पाय लुळा पडला. पोलिओ. तो मोठा झाला तसा गुडघ्यावर हात दाबून चालायला लागला. पोलिओ झालेली बरीच माणसं असं चालतात. मांडीत जोर नसतो, म्हणून तो हाताने द्यायचा.

आजी-आजोबांनी त्याला कुठे कुठे नेलं! कुणी तेल दिलं, कुणी मालिश केली, कुणी गंडा बांधला, कुणी महागड्या पुड्या दिल्या. प्रत्येक जण एकच म्हणायचा, “होईल, पाय परत येईल. थोडा धीर धरा.” एक म्हैस विकली, मग थोडी जमीन गहाण पडली. आजी मामाला घेऊन गावोगाव हिंडायची, महिना महिना परत यायची नाही. घरी आजोबांना आणि जनावरांना बघायला कुणीतरी हवं. म्हणून नववीत असताना आई घरी बसली. “बाईच्या जातीला आता पुढे शिकणं अशक्यच आहे,” असं तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हालचालीचा निरोप देणाऱ्या पेशी मारतो. वाचलेल्या पेशी पहिल्या काही महिन्यांत थोडंफार काम उचलून घेतात, पायात थोडी ताकद येते. पण मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. त्यावर तेव्हा औषध नव्हतं, आजही नाही. हे खरं, सिद्ध झालेलं ‘अशक्य’ होतं. आणि आजीला ते स्पष्ट कुणीच सांगितलं नाही.

शेवटी एका सरकारी डॉक्टरांनी सांगितलं. मामा तेव्हा चौदा वर्षांचा होता. ते म्हणाले, “पायातली गेलेली ताकद परत येणार नाही. पण वाकलेला गुडघा ऑपरेशनने सरळ करता येईल, आणि कॅलिपर लावून हा ताठ उभा राहील.” आजी त्या दिवशी खूप रडली. पण सहा महिन्यांत मामा गुडघ्यावरचा हात काढून चालायला लागला. आज त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर दोन्ही हात कामात असतात.

मागच्या दिवाळीत आजीने आईचं पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, आणि मला म्हणाली, “कुणी एकानं जरी तेव्हा खरं सांगितलं असतं ना बाई, की पाय येणार नाही, तर मी तुझ्या आईला शाळेतनं काढली नसती.”

बघा ना, एकाच घरात दोन शब्दांची कशी अदलाबदल झाली होती! जे खरंच अशक्य होतं, त्याला सगळे ‘होईल’ म्हणत राहिले. आणि जे शक्य होतं, त्याला ‘अशक्य’ म्हणून मोकळे झाले. दोन्हींची किंमत एका नववीतल्या मुलीने मोजली.

म्हणून मला ‘अशक्य असं काही नसतं’ हे सुविचार आता पटत नाहीत. ज्याच्या घरात खरंच काहीतरी कायमचं हरवलंय, त्याला ते क्रूर वाटतात. खरं ‘अशक्य’ वेळेवर आणि मायेने सांगणं ही मदत असते. त्यामुळे माणूस नको त्या दारावर डोकं आपटणं थांबवतो, आणि कॅलिपरकडे वळतो.

दारावरची खडूची फुली

घरात जे झालं, त्याचंच मोठं रूप आपल्या देशाने पाहिलं आहे. लुळा पडलेला पाय पूर्ववत करणं अशक्य, हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच सगळा जोर पोलिओ होऊच न देण्यावर लावायला हवा, हे स्पष्ट झालं. १९८८ मध्ये जगभरातून पोलिओ घालवायचं ठरलं. १९९५ मध्ये आपल्याकडे पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. ‘दो बूंद जिंदगी की’ आठवतं ना? शाळेतल्या बूथवरची ती लांब रांग, आणि डाव्या करंगळीवर लावलेली शाईची खूण?

तरीही वर्षानुवर्षं रुग्ण सापडतच राहिले. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण सापडले, म्हणजे जगातल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे. पोलिओ भारतातून सगळ्यात शेवटी जाईल, असं अनेक तज्ज्ञांना वाटत होतं. कुणी कुणी तर तो जाणारच नाही असं म्हणत होते.

मग मोहिमेतल्या लोकांनी काय केलं? त्यांनी ‘अशक्य’चं वाक्य पूर्ण केलं. कुठे अशक्य? सगळ्या देशात नाही, तर मुख्यतः पश्चिम उत्तर प्रदेशात आणि बिहारच्या काही भागांत. का अशक्य? कारण तिथे दाट वस्ती, घाण पाणी आणि सततचे जुलाब यांमुळे पोटात गेलेल्या थेंबांचा परिणाम कमी होत होता, म्हणून जास्त डोस आणि जास्त परिणामकारक लस हवी. जानेवारी २०१० पासून दोन प्रकारच्या विषाणूंवर एकत्र काम करणारी नवी लस वापरात आली. कुणाची मुलं सुटतात? वीटभट्टीवर, बांधकामावर कामासाठी फिरणाऱ्यांची. मग रेल्वे स्टेशनांवर, एसटी स्टँडसारख्या बसस्थानकांवर, भट्ट्यांवर जाऊन थेंब दिले. कोसी नदीच्या पुराच्या भागात कुणी पोचत नाही? मग नावेने आणि चालत जाऊन पोचले. काही आई-वडील अफवांमुळे नाही म्हणतात? मग गावातली वडीलधारी माणसं, मौलवी, शेजारच्या बायका समजावायला सोबत घेतल्या.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. थेंब द्यायला घरोघरी जाणारे लोक प्रत्येक दारावर खडूने खूण करायचे. घरातल्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले असतील तर ‘पी’. एखादं मूल राहिलं असेल, घराला कुलूप असेल किंवा कुणी नकार दिला असेल, तर फुली. ती फुली म्हणजे ‘हे घर सोडा, इथे होणार नाही’ असं नव्हतं. ती फुली म्हणजे ‘इथे परत यायचंय’. दुसऱ्या दिवशी ते त्या दारांवर परत जायचे. फुलीचा ‘पी’ करायला.

एकेका देशव्यापी फेरीत वीस लाखांहून जास्त माणसं सुमारे १७ कोटी मुलांपर्यंत पोचायची. २०१० मध्ये रुग्ण ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला, आणि आपल्या देशातला तो रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. (शेजारी पाकिस्तान-अफगाणिस्तानात हा विषाणू अजून संपलेला नाही, म्हणून आपल्या बाळांना थेंब आणि इंजेक्शन आजही चुकवू नका हं!)

मामाला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा तो स्क्रू फिरवता फिरवता म्हणाला, “आमच्या दारावर फुली मारायलाच कुणी आलं नाही बघ. तेवढंच राहिलं.” आणि पुन्हा कामाला लागला. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

पुढच्या वेळी ‘अशक्य’ म्हणाल तेव्हा

वाचकहो, मी आता स्वतःला एक सवय लावतेय. ‘अशक्य’ शब्द तोंडातून निघाला, की वाक्य पूर्ण करायचं. त्यासाठी चार प्रश्न :

१. कशाने अशक्य? आत्ता हातात असलेल्या साधनांनी, पैशांनी, वेळेत? मग ती अट बदलता येईल का, पट्टीवर दोन खुणा करता येतील का, ते बघायचं.

२. कुणाला अशक्य? मला, की कुणालाच? मला येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारायचं. आमच्या सोसायटीतल्या काकूंसारखं कुणीतरी आसपास असतंच.

३. हे कुणी सांगितलं, आणि त्याने तपासलंय का? वांत्सेलने सिद्ध करून सांगितलं होतं. मी मान वर न करता सांगितलं होतं. दोन्हींचं वजन सारखं नाही.

४. मला ‘अशक्य’ म्हणायचंय, की ‘नकोय’, ‘भीती वाटते’, ‘कंटाळा आलाय’, ‘लोक काय म्हणतील’ असं म्हणायचंय? यातलं काहीही असलं तरी चालेल. ‘मला नकोय’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मग तसंच म्हणावं. विशेषतः समोर आपलं मूल, आपली आई किंवा आपली सून असेल तेव्हा.

आणि या चारही प्रश्नांनंतर उत्तर खरंच ‘अशक्य’ असं आलं तर? तर ते मान्य करायचं. रडू आलं तर रडायचं. आणि मग डॉक्टरांनी विचार केला तसा विचार करायचा : पाय परत येणार नाही, पण ताठ उभं राहण्यासाठी काय करता येईल?

आईचं पुढे काय झालं, ते सांगते. पाचपैकी तीन विषय सुटले. मराठीत तर माझ्या दहावीच्या मार्कांपेक्षा जास्त मिळाले, आणि ती हे येईल त्या पाहुण्याला सांगते. विज्ञानाची परीक्षा अजून द्यायची आहे. गणितात पहिल्या वेळी नऊ मार्कांनी राहिली. निकाल बघून दोन दिवस तिचा चेहरा उतरलेला होता. बाबा म्हणाले, “जाऊ दे ना, आता विषय बदलून घे.” तिने नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पुढच्या परीक्षेच्या महिन्यात तिने पेनने लिहिलेलं दिसलं : ‘गणित - बाकी’.

सध्या सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळचा स्वयंपाक मी आणि बाबा करतो. माझ्या पोळ्या अजून गोल होत नाहीत. पण त्याला मी अशक्य म्हणणार नाही. बाकी म्हणेन.

तुमच्या घरात असं कुठलं वाक्य अर्धवट राहिलंय? आज जेवायला बसाल तेव्हा एकमेकांना नक्की विचारा. आणि उत्तर ऐकताना, माझ्यासारखं न करता, मान वर करून ऐका.

पुन्हा भेटूच!